अर्जातली नोकरी आणि हातातली नोकरी: वैद्यकीय प्रवेशासाठीच्या एका सल्लासेवेचे परीक्षण

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशाबाबत तासाच्या दराने सल्ला देणाऱ्या एका सेवेचा आम्ही गेल्या प्रवेशचक्रात उपयोग केला. आमची गरज मर्यादित होती. माझ्या मुलीने पदवीनंतर एक वर्ष थांबायचे, म्हणजे इकडच्या भाषेत गॅप इयर घ्यायचे ठरवून, २०२५ च्या जूनमध्ये अर्ज भरला. पदवीच्या शेवटच्या वर्षी ती ज्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करत होती, तिथेच जुलैपासून पूर्णवेळ क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर (रुग्णांवरील संशोधनाचे कामकाज सांभाळणारी) म्हणून रुजू होणार, असे अर्जात लिहिले होते. अर्ज महाविद्यालयांकडे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत ते पदच रद्द झाले. त्या वर्षी एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानांना कात्री लागली आणि अनेक विद्यापीठांनी नोकरभरती थांबवली, त्यामुळे अशी वेळ आलेली ती एकटी नव्हती. तिने मग एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मेडिकल स्क्राइबची, म्हणजे डॉक्टर रुग्णाला तपासत असताना त्याच्या नोंदी टंकण्याची, नोकरी धरली. आता हा बदल कोणत्या महाविद्यालयाला, केव्हा आणि किती शब्दांत कळवायचा, एवढाच सल्ला आम्हाला हवा होता. महाविद्यालयांची यादी, निबंधांचे संपादन किंवा एमकॅट या प्रवेशपरीक्षेची तयारी यांसाठी आम्ही तिथे गेलोच नव्हतो, त्यामुळे हे परीक्षणही त्या सेवेच्या तेवढ्याच अंगाचे आहे. संस्थेचे नाव देत नाही. तिच्यासारख्या इतरही अनेक आहेत, आणि पुढे ज्या तक्रारी येतील त्या या संपूर्ण व्यवसायालाच लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

अडचणीचे मूळ अर्जाच्या रचनेत आहे आणि ती रचना माहीत असल्याशिवाय या सेवेची किंमत ठरवता येत नाही. एमडी (इकडे ही पहिली वैद्यकीय पदवी असते) देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचा सामाईक अर्ज एएएमसी ही वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना ॲमकास या अर्जसेवेमार्फत घेते. त्यातील काम आणि उपक्रमांच्या विभागात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून ७०० अक्षरे मिळतात, आणि त्यांतील तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडल्या की त्या प्रत्येकीसाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. काम अजून चालू असेल तर झालेले तास आणि अपेक्षित तास वेगवेगळे भरायचे असतात. मुलीने प्रयोगशाळेच्या नोंदीत झालेले ३२० तास आणि अपेक्षित १८०० तास भरले होते. अर्ज मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये सादर होतो आणि प्रवेश मिळालाच तर तो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर सुरू होतो, म्हणजे उमेदवाराला सुमारे वर्षभराचे भाकीत सहीनिशी द्यावे लागते. विशीतल्या मुलांच्या पहिल्या नोकरीबद्दल असे भाकीत करायला लावणे हेच मला थोडे अजब वाटते. पण या देशात वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी किमान एक वर्ष थांबून आलेले असतात, आणि त्या वर्षात ते काय करणार हे प्रवेश समित्यांना जाणून घ्यायचे असते.

एकदा सादर केल्यावर हा विभाग बंद होतो. त्यानंतर संपर्काचा पत्ता बदलता येतो, नवी महाविद्यालये जोडता येतात, शिफारसपत्रे येत राहतात, पुढच्या एमकॅटची तारीख नोंदवता येते. मात्र १८०० हा आकडा शून्य करता येत नाही. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांच्या, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही वैद्यकीय पदवी देणाऱ्यांच्या, ॲकोमास या सामाईक अर्जात निदान नवा अनुभव मागाहून जोडता येतो, जुना मात्र तसाच राहतो. टेक्सासच्या स्वतंत्र अर्जात पुढील वर्षाच्या नियोजित कामांसाठी वेगळी जागाच ठेवलेली आहे, जी मला अधिक सरळ पद्धत वाटते. ॲमकासमध्ये मात्र बदल सांगायची जबाबदारी पूर्णपणे उमेदवारावर पडते, आणि ती पार पाडण्याची वाट प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी. या सल्लासेवांचा धंदा उभा आहे तो याच फटीत.

आमच्या वाट्याला आलेल्या सल्लागार एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर पूर्वी काम केलेल्या बाई होत्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी मुलीचे सांत्वन करण्यात वेळ घालवला नाही, हे मला आवडले. त्यांनी सरळ तारखा विचारायला सुरुवात केली: पदाचे नियुक्तिपत्र कधी आले, ते लेखी होते का, रद्द झाल्याचे कोणत्या दिवशी कळले, त्या दिवसापर्यंत कोणत्या महाविद्यालयांना दुय्यम अर्ज (सामाईक अर्जानंतर प्रत्येक महाविद्यालय स्वतःचे प्रश्न विचारते तो), म्हणजे सेकंडरी, गेले होते आणि कोणते जायचे होते, नवे काम कधी सुरू होणार, आठवड्याला किती तास. हे सगळे त्यांनी आमच्यासमोरच एका तक्त्यात भरले. आई म्हणून माझ्या मनात तोवर एकच मोठी काळजी होती, की मुलीने अर्जात खोटे लिहिले असे कोणी म्हणेल का. तक्ता भरून झाल्यावर त्या काळजीचे चार वेगवेगळे प्रश्न झाले आणि त्यांतल्या दोघांचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले.

पहिला प्रश्न खोटेपणाचा. अर्जाच्या शेवटी उमेदवार माहिती खरी, पूर्ण आणि अचूक असल्याचे प्रमाणित करतो, आणि विसंगती आढळल्यास एएएमसी चौकशी करून तिचा अहवाल महाविद्यालयांना पाठवू शकते. परंतु हातात लेखी नियुक्तिपत्र असताना भरलेले अपेक्षित तास हे त्या दिवशीचे प्रामाणिक विधान होते, आणि पुढे पद गेल्याने ते खोटे ठरत नाही. पद गेल्याचे कळल्यानंतर पाठवलेल्या सेकंडरीत तीच जुनी योजना पुन्हा लिहिली असती, तर मात्र तो सरळ सरळ खोटेपणा झाला असता. सल्लागारबाईंनी तक्त्यात त्या तारखेवर एक आडवी रेघ ओढली आणि सांगितले की रेघेच्या वरचे कागद जसे आहेत तसे राहू द्यायचे. रेघेखालच्या एकाही कागदात प्रयोगशाळेची नोकरी भविष्यकाळात दिसता कामा नये. एवढी साधी गोष्ट. पण घाईच्या त्या महिन्यात मुले एका सेकंडरीचे उत्तर दुसरीत चिकटवत असतात, तेव्हा जुने वाक्य नकळत पुढे जाणे फार सोपे असते. तयार होऊन पडलेल्या मसुद्यांपैकी दोन मसुद्यांत ते वाक्य खरोखरच सापडले.

दुसरा प्रश्न, नोकरी जाणे ही अर्जात जाहीर करायची कारवाई आहे का. तशी ती नाही. ॲमकासमध्ये संस्थात्मक कारवाईबद्दल जो प्रश्न आहे तो महाविद्यालयाने शैक्षणिक कामगिरी किंवा वर्तनासाठी केलेल्या कारवाईचा आहे. मालकाने पद रद्द करण्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. (सैन्यदलातून सन्मानाने मुक्त न झालेल्यांसाठी वेगळा प्रश्न आहे, पण तो आमच्या कामाचा नव्हता.) मुलीने हा प्रश्न एका ओळखीच्या विद्यार्थ्याला विचारला होता आणि त्याने तिला भलतेच घाबरवून ठेवले होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

उरलेले दोन प्रश्न, कोणाला आणि केव्हा, यांवर खरा वेळ गेला आणि या सेवेचे पैसे वसूल झाले ते इथेच. ज्या महाविद्यालयांना सेकंडरी जायची होती तिथे वेगळ्या पत्राची गरज नव्हती. चालू वर्षात तुम्ही काय करत आहात, हा प्रश्न कित्येक सेकंडरींत थेट विचारलेला असतो, आणि तिथे जुन्या पदाचा उल्लेख एका वाक्यात व नव्या कामाचा पुढच्या दोन वाक्यांत करून विषय संपवता येतो. जिथे सेकंडरी आधीच गेली होती, तिथे त्या महाविद्यालयाचे धोरण बघावे लागते. काही महाविद्यालये पोर्टलवर नवी माहिती कधीही स्वीकारतात, काही फक्त मुलाखतीनंतर स्वीकारतात, आणि काही मुलाखतीच्या पत्रापर्यंत काहीच पाठवू नका असे स्पष्ट लिहून ठेवतात. या शेवटच्या गटाला पत्र पाठवले तर ते वाचले जाईलच असे नाही, सूचना न पाळणारा उमेदवार म्हणून नोंद मात्र होऊ शकते. तिथे मुलाखतीपर्यंत थांबावे, आणि मुलाखत आली नाही तर सांगायचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशविभागाचे पान उघडून हे धोरण तपासण्याचे काम त्यांनी मुलीकडूनच करून घेतले. पैसे देऊनही आपल्यालाच राबावे लागते असे मला त्या वेळी वाटले. पण तासाचा दर अडीचशे डॉलर असताना ते काम त्यांच्याकडून करून घेण्यात शहाणपणा नव्हता, हे यादीची लांबी पाहून लक्षात आले.

केव्हा, यावर माझे आणि त्यांचे मत जुळले नाही. पद गेल्याचे लगेच कळवून मोकळे व्हावे, असे मला वाटत होते. त्यांचे म्हणणे असे, की ऑगस्टच्या सुरुवातीला पाठवलेल्या पत्रात सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल, ती म्हणजे नोकरी गेली. त्यामुळे फाइल वाचणाऱ्याच्या मनात फक्त एक मोकळी जागा तयार होईल. स्क्राइबचे काम ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होणार होते. ते सहा-आठ आठवडे प्रत्यक्ष करून ऑक्टोबरमध्ये पत्र पाठवले तर एकाच पत्रात गेलेले पद, आलेले पद आणि झालेले तास अशा तिन्ही गोष्टी मावतात. मुलाखतीचे बोलावणे त्याआधी आले तर मात्र मुलाखतीपूर्वीच कळवायचे, मग तास कितीही थोडे असोत. हा अपवाद त्यांनी स्वतःहून सांगितला म्हणून मी ऐकले. अजूनही मला वाटते की एखाद्या अर्जाचा सगळा डोलाराच त्या नोकरीवर उभा असेल, वैयक्तिक निबंधाचा शेवटही तिच्यावरच केलेला असेल, तर इतके थांबू नये.

आता पत्राबद्दल. मुलीने स्वतः लिहिलेला पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्याची सुरुवात दुर्दैवाने या शब्दाने होत होती, दुसऱ्या परिच्छेदात संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी निधीविषयी तिचे मत होते, तिसऱ्यात प्रयोगशाळेने शेवटपर्यंत काही कळवले नाही याची खंत होती, आणि शेवटी या अनुभवाने मला लवचीकपणा शिकवला असे एक वाक्य होते. सल्लागारबाईंनी सामाईक पडद्यावर ते पत्र उघडून एकेक वाक्य तांबडे करायला सुरुवात केली आणि प्रत्येक वाक्यामागे कारण सांगितले. निधीचे राजकारण वाचणाऱ्याला माहीत आहे, कदाचित त्याच्याही विभागाला झळ बसली आहे, त्याला ते तुमच्याकडून ऐकायचे नाही. प्रयोगशाळेला दोष दिला तर वाचणारा दुसऱ्या बाजूचा विचार करू लागतो. लवचीकपणा शिकले असे लिहिण्यापेक्षा दोन नोकऱ्यांमधल्या तारखा लिहिल्या, तर मध्ये किती कमी दिवस गेले हे त्यालाच दिसते. मुलगी हिरमुसली. ‘आई, सगळंच खोडलं गं,’ असे ती मला म्हणाली. आणि त्या वेळी पडद्यावर खरोखर चारच वाक्ये काळी उरली होती.

त्या चार वाक्यांचा आशय मराठीत असा: जूनमध्ये सादर केलेल्या अर्जात मी जुलैपासून क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचे पूर्णवेळ काम आणि त्याचे १८०० अपेक्षित तास नोंदवले होते, अनुदान बंद झाल्याने ते पद जुलैत रद्द झाले आणि ते अपेक्षित तास आता होणार नाहीत. ऑगस्टच्या मध्यापासून मी एका आपत्कालीन विभागात स्क्राइब म्हणून आठवड्याला ३६ तास काम करत असून आजवर सुमारे २८० तास पूर्ण झाले आहेत. पडताळणीसाठी माझ्या पर्यवेक्षकांचे नाव व संपर्क खाली दिला आहे. प्रयोगशाळेतील आधीचे ३२० तास अर्जात नोंदवल्याप्रमाणेच आहेत. यानंतर कामाविषयी एक छोटा परिच्छेद जोडायला त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली की त्यात एक तरी गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली हवी. मुलीने लिहिले की छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाने ट्रिआजच्या, म्हणजे आलेल्यांची निकड ठरवणाऱ्या, नर्सला एक सांगितले, डॉक्टरांना दुसरे सांगितले, आणि आपण टंकलेल्या नोंदीत दोन्ही वाक्ये त्याच्याच शब्दांत ठेवायची की नाही हे तिने डॉक्टरांना विचारले. हा भाग संपूर्ण पत्रात मला सर्वांत चांगला वाटतो, आणि तो कोणत्याही सल्लागाराला लिहिता आला नसता.

या पत्रातली एक गोष्ट अशी होती की ती मला आपण होऊन सुचली नसती. मुलीला पुढच्या मे महिन्यापर्यंत स्क्राइबचे चौदाशे तास होतील असा हिशोब लिहायचा होता, म्हणजे गेलेल्या १८०० तासांची बरीचशी भरपाई कागदावर दिसली असती. बाईंनी ते होऊ दिले नाही. एक भाकीत फसल्याचे सांगणाऱ्या पत्रात दुसरे भाकीत घालू नये, असे त्यांचे मत होते. आणि हे मत केवळ शैलीपुरते नव्हते. डॉक्टर-रुग्ण संभाषण ऐकून आपोआप नोंद तयार करणारी सॉफ्टवेअर आता रुग्णालयांत येऊ लागली आहेत आणि स्क्राइबची पदेही पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाहीत. झालेले तास आणि आठवड्याचे चालू तास दिले की पुढचा गुणाकार वाचणारा करू शकतो, आणि तो गुणाकार चुकला तर दोष उमेदवाराकडे येत नाही.

मुलाखतीच्या तयारीची बैठक मला साधारण वाटली, तरी तिच्यातला एक प्रश्न उपयोगी पडला. नोकरी का बदलली, याचे उत्तर सगळेच घोकून जातात. पण त्यानंतर शांतपणे विचारला जाणारा प्रश्न असतो की मग संशोधनातला तुमचा रस संपला का. तिथे उमेदवार एकतर नव्या कामाचे गुणगान करून जुन्याला कमी लेखतो किंवा संशोधन हेच माझे खरे प्रेम असे सांगून हातातल्या कामाला कमी लेखतो. बाईंनी दोन्ही उत्तरे मुलीकडून वदवून घेतली आणि ती कशी ऐकू येतात हे तिलाच ऐकवले. शेवटी ठरलेले उत्तर रुक्ष होते: प्रयोगशाळेतल्या एका अपूर्ण कामाचे विश्लेषण ती आठवड्यातून एक संध्याकाळ विनावेतन पूर्ण करत होती, तेवढेच सांगायचे.

याच बैठकीत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचा विषय निघाला, आणि तो आमच्या प्रकरणापेक्षा अधिक नाजूक आहे. स्क्राइबची नोकरी देणाऱ्या कंपन्या बहुधा किमान वर्षभर टिकण्याची अपेक्षा ठेवतात. ती मध्येच सोडून जास्त पगाराच्या, वैद्यकाशी संबंध नसलेल्या कामाला गेलेला उमेदवार काय सांगणार? एएएमसीने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ज्या १७ क्षमता मांडल्या आहेत त्यांत परिस्थितीशी जुळवून घेणे आहे, तशीच विश्वासार्हताही आहे, आणि नोकरी बदलण्याच्या प्रसंगात या दोन्ही एकमेकींसमोर उभ्या राहतात. बाईंचे मत स्पष्ट होते की घरभाडे किंवा शैक्षणिक कर्ज हे सांगण्यासारखे, सन्मानाचे कारण आहे आणि त्यावर नव्या क्षितिजांचा मुलामा चढवण्याची गरज नाही. मात्र जुन्या ठिकाणी किती दिवस आधी कळवले, बदली माणसाला काम शिकवले का, हे सांगता आले पाहिजे. कामावरून काढून टाकले असेल तर तेही विचारल्यावर सरळ सांगावे, कारण अर्जातल्या प्रत्येक कामाच्या नोंदीसोबत संपर्क दिलेला असतो आणि कोणतेही महाविद्यालय तिथे फोन करू शकते. असे प्रकरण हाताशी असलेल्यांनी एक तास नुसत्या या चर्चेसाठी घेतला तरी वाया जाणार नाही.

आता तक्रारी. पहिली आणि माझ्या मते सर्वांत गंभीर: शिफारसपत्रांचा विषय त्यांनी काढलाच नाही. ही पत्रे उमेदवार सहसा पाहत नाहीत, पाहण्याचा हक्क आधीच सोडलेला असतो. मुलीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीही पत्र दिले होते आणि ते वसंतात, पद शाबूत असताना लिहिलेले होते. त्यात काय असेल, हा प्रश्न मुलीला स्वतःला सुचला. तिने त्यांना नम्रपणे विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ही विद्यार्थिनी जुलैपासून आमच्याकडे पूर्णवेळ येत आहे असे वाक्य पत्रात आहे. म्हणजे फाइल वाचणाऱ्यासमोर अर्ज आणि शिफारसपत्र एक सांगत होते आणि अपडेट दुसरे सांगणार होते. त्यानंतर अपडेटमध्ये अर्धे वाक्य वाढवले, की माझ्या शिफारसपत्रांतही या पदाचा उल्लेख असू शकेल. अडीचशे डॉलर तासाला घेणाऱ्या माजी समिती-सदस्येला हे आधी सुचायला हवे होते. मी तसे कळवले, तेव्हा त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि तक्त्यात तसा रकानाही जोडला, हे इथे नोंदवते.

दुसरी तक्रार संपादनाची. चार वाक्यांचे पत्र झाल्यावर ते संस्थेच्या मजकूर-संपादकाकडे गेले, कारण आम्ही घेतलेल्या तासांत ते धरलेले होते. परत आले तेव्हा त्यात मुलीने आपत्कालीन विभागात कळीची भूमिका बजावल्याचे, तिची ओढ अधिक दृढ झाल्याचे आणि वैद्यकाकडे पाहण्याची तिची दृष्टी पालटल्याचे लिहिलेले होते. दोन महिन्यांच्या स्क्राइबला कळीची भूमिका कोण देतो? रुग्णाच्या दोन वाक्यांचा भाग गाळून तिथे संवादकौशल्यावर एक गुळगुळीत ओळ आली होती. आम्ही बदल नाकारून आधीचेच पत्र पाठवले. त्या संपादनाचे शुल्क मात्र कापले गेले.

तिसरी तक्रार सगळ्यांच्या ओळखीची आहे. दर बैठकीनंतर संपूर्ण प्रवेशचक्राचे पॅकेज घेण्याविषयी एक मेल येतो, त्याची भाषा हळूहळू अधिक काळजीची होत जाते, आणि काळजीत असलेल्या पालकांना ती बरोबर लागू पडते. एका मेलमध्ये तर सर्व महाविद्यालयांना वैयक्तिक अपडेट पत्रे पाठवण्याचा स्वतंत्र प्रस्ताव होता, जो त्यांच्याच सल्लागारबाईंनी पहिल्या बैठकीत दिलेल्या सल्ल्याच्या विरुद्ध होता. विक्री विभाग आणि सल्लागार यांची गाठ पडत नसावी.

ही सेवा घ्यावी का? ज्यांच्या मुलांच्या पदवी महाविद्यालयात आरोग्यशिक्षणाकडे जाणाऱ्यांसाठी सल्लाकक्ष आहे आणि जो माजी विद्यार्थ्यांनाही दार उघडे ठेवतो, त्यांनी आधी तिथे जावे. तारखांची रेघ आणि महाविद्यालयांचे गट हे दोन्ही तिथला अनुभवी माणूस फुकट करून देईल. आमच्या मुलीचा कक्ष पदवीनंतर फक्त शिफारसपत्रे पुढे पाठवत असे, म्हणून आम्हाला बाहेर जावे लागले. ज्यांना एएएमसीची शुल्कसवलत मिळते, म्हणजे ज्यांची २० महाविद्यालयांपर्यंतची ॲमकासची फी माफ होते, त्यांनी तर या खासगी तासांवर खर्च करण्याआधी दहादा विचार करावा, कारण ही सवलत अशा सल्ल्याला लागू होत नाही आणि मुलाखतीला जाण्याचा खर्च पुढे उभा असू शकतो.

घ्यायचीच असेल तर दोन तास घ्यावेत: पहिला तक्ता आणि वेळापत्रकासाठी, दुसरा पत्राच्या मसुद्यावर सल्लागारासोबत प्रत्यक्ष बसून. संपादनाचा तास मुद्दाम वगळून मागावा आणि तो वगळल्याचे लेखी घ्यावे. सल्लागार पूर्वी कोणत्या प्रकारच्या समितीवर होता हे आधी विचारावे. मुलाखतीचा तास बोलावणे आल्यावरच घ्यावा, कारण न वापरलेले तास चक्र संपल्यावर बाद होतात आणि परतावा मिळत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. सल्लागारबाईंना एकट्यांना द्यायचे असते तर अर्धा तारा शिफारसपत्रांसाठी कापूनही चार दिले असते.

आमचा एक तास उरला होता. मार्चमध्ये एका महाविद्यालयाने मुलीला प्रतीक्षायादीत ठेवले. अनेक जागा हाती असलेल्या उमेदवारांना ३० एप्रिलपर्यंत आपली निवड एकावर आणायची असते, आणि प्रतीक्षायादी त्यानंतर हलू लागते, म्हणून त्याआधी आणखी एक अपडेट पाठवावा असे ठरले. उरलेला तास त्यासाठी वापरावा म्हणून मी बाईंना लिहिले. त्यांनी उत्तर पाठवले की यासाठी बैठकीची गरज नाही, ऑक्टोबरच्या पत्रातला तासांचा आकडा आजचा करा, काम तेच चालू आहे असे एक वाक्य लिहा आणि पोर्टलवर चढवा. या उत्तराचे त्यांनी पैसे लावले नाहीत.